केरीच्या नाक्यावरची भिंत

वनखात्याचं पत्र आलं साध्या टपालानं:
केरीच्या नाक्यावर, पूर्वेच्या भिंतीवर
राज्यपक्षी रंगवावा. आठ फूट बाय पाच.
सोबत नमुना जोडला आहे.

नमुना म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स,
काळ्यात काळं बुडालेलं.
चोच कुठे संपते नि फांदी कुठे सुरू होते
ते सातेरीलाच ठाऊक.
खाली कारकुनाची निळी शाई:
गळा लाल. बाकी पिवळे. डोके काळे. तातडीचे.

तीस वर्षं पाट्या रंगवतोय मी.
बारच्या, भुसारी दुकानांच्या, जत्रेतल्या नाटकांच्या,
एकदा वाळपईत दातांच्या डॉक्टरची,
बत्तीसच्या बत्तीस मोजून.
बुलबुल म्हटला की मला परसातला माहीत,
जास्वंदीवर शेंडी उभारून बसणारा.
म्हणून यालाही शेंडी काढली,
बटणासारखा काळा डोळा काढला,
आणि गळ्याला लावला
एका बारच्या पाटीतून उरलेला लाल.

दुर्पत गावस चुन्नां घेऊन बसते नाक्यापाशी,
कुंभ्याच्या पानाच्या द्रोणात, दहाला एक.
दोन दिवस नुसती बघत होती.
तिसऱ्या दिवशी म्हणाली, हो कोण रे?
राज्यपक्षी, मी म्हटलं. सरकारनं ठरवलेला.
तिनं पानाची पिंक बाजूला टाकली.
पाकले होते तेव्हा कुणाचा होता?

मला उत्तर सुचलं नाही.
ब्रश धुण्याचं निमित्त काढलं.

मग तीच उठून भिंतीपाशी आली.
याला शेंडी नाही बाबा.
आणि डोळा पांढरा असतो,
फुटक्या कवडीसारखा, बघितलं की दचकायला होतं.
चुन्नांच्या जाळीत माझ्याआधी पोचतो मेला,
पिकलेलं नेमकं तेवढंच उचलतो,
त्याचं उष्टं ते मी विकते.

तुम्ही काय म्हणता त्याला?
खूप वेळ आठवत राहिली.
नाव कशाला? नाव हाक मारायला.
हा तर न बोलावता येतो.

शेंडी पुसायची म्हणजे
तेवढं आभाळ पुन्हा लावायला लागलं.
पांढरा रंग संपला होता.
तिनं चंचीतला चुना काढला,
बोटावर घेतला,
माझ्या हातात दिला नाही,
स्वतःच टेकवला.

बिल परत आलं.
शेरा: डोळा नमुन्याशी जुळत नाही.

मी काय सांगणार? की नमुन्यात
सगळंच काळं होतं, झाडसुद्धा, सहीसुद्धा?

त्या दुपारी मी स्कूटरवर बसून
परतीच्या अर्जाची भाषा जुळवत होतो
तेव्हा तो आला.
भिंतीकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही.
माझ्या स्कूटरच्या आरशावर उतरला
आणि आतल्या पक्ष्याशी भांडायला लागला,
चोच आपटत, पंख फडफडवत, अगदी जिवावर उठल्यासारखा.
गळा म्हणाल तर बारच्या पाटीचा लाल नव्हताच.
निखाऱ्यावर फुंकर घातली की
मधोमध एक जागा पेटते ना,
तेवढीच जागा.

हात आपोआप खिशातल्या ब्रशकडे गेला,
तोवर तो उडाला, चोर्ल्याच्या दिशेनं.

वर तीन राज्यांच्या शिवा एकमेकींना भिडतात.
एका अंगाला हरियालाची हद्द,
दुसऱ्या अंगाला चासाची.
ट्रकवाले नाक्यावर उतरून पास दाखवतात,
रेतीचा, लाकडाचा, कधी नुसत्या नोटेचा.
हा दांड्याच्या वरून गेला.
पलीकडे तो कुणाचाच नसेल,
किंवा असेल आपला, चुन्नांपुरता.

बिल अजून पणजीत आहे.
मृग, आर्द्रा सरल्या, चुना कधीच झडून गेला.
काल भाच्याच्या फोनवरून दुर्पतचा निरोप आला:
तुझा पाखरू आंधळा झालाय,
येतोस कधी?
येताना सुपारी आण.
चुना माझ्याकडे आहे.